हाड आणि रक्त एकाच गटात का? ऊतींच्या वर्गीकरणाविषयी एक प्रश्न

अभ्यासू
मानवी शरीरातील ऊतींचे, म्हणजे ठरावीक काम मिळून करणाऱ्या पेशीसमूहांचे, अभिस्तर, संयोजी, स्नायू आणि चेता असे चार मुख्य प्रकार आहेत आणि आच्छादन, आधार, हालचाल व संदेशवहन ही त्यांची ठळक कार्ये आहेत, एवढे मला माहीत आहे. मात्र संयोजी ऊतींच्या यादीत हाड, कूर्चा (हाडापेक्षा मऊ व लवचीक ऊती), चरबी आणि रक्त ही नावे शेजारीशेजारी पाहिली की हे वर्गीकरण कोणत्या निकषावर उभे आहे, तेच कळेनासे होते. हाड कठीण आहे, रक्त प्रवाही आहे, आणि दोघांच्या कामातही काही साम्य दिसत नाही. या गटाला खरोखर काही आधार आहे, की इतरत्र न बसणारे सारे येथे एकत्र केले आहे? मला हे समजून घ्यायचे आहे, त्यामुळे विस्ताराने लिहिलेत तरी चालेल.

सूक्ष्मदर्शी
प्रश्न अगदी योग्य आहे. त्याचे उत्तर पेशींपेक्षा दोन पेशींच्या मधल्या जागेत अधिक सापडते.

अभिस्तर ऊतीत पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की मध्ये जागा जवळजवळ उरतच नाही. हा थर एका पातळ आधारपटलावर बसलेला असतो, त्यात स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात आणि त्याचे पोषण खालच्या संयोजी ऊतीतून झिरपत येते. जेथे वायूंची देवाणघेवाण व्हायची असते, तेथे, म्हणजे फुप्फुसातील वायुकोशांत, हा थर चपट्या पेशींचा आणि एकपदरी असतो. जेथे घर्षण सोसायचे असते, तेथे, म्हणजे त्वचेत, तो अनेक पदरी होतो. ग्रंथीही याच ऊतीपासून बनतात, त्यामुळे स्रवणे हेदेखील तिचे मोठे कार्य आहे.

संयोजी ऊतीची मांडणी नेमकी उलट असते. पेशी विखुरलेल्या असतात आणि त्यांच्या भोवती आधारक नावाचे द्रव्य पसरलेले असते. ऊतीचे गुणधर्म मुख्यतः या आधारकावरून ठरतात. स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या स्नायुरज्जूत कोलॅजेन या प्रथिनाचे तंतू समांतर आणि दाट असतात, म्हणून तो ताण सहन करतो. कूर्चेत तंतूंबरोबर पाणी धरून ठेवणारे जेलसारखे द्रव्य असते, म्हणून ती दाब सोसते. हाडात कोलॅजेनच्या जाळ्यावर कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचे क्षार साचलेले असतात. हाडाचा लहान तुकडा बरेच दिवस सौम्य आम्लात ठेवला तर क्षार विरघळतात आणि हाड वाकवता येण्याइतके लवचीक होते; उलट ते जाळले तर कोलॅजेन नष्ट होते आणि उरलेला भाग सहज चुरतो. कठीणपणा क्षारांचा आणि चिवटपणा तंतूंचा असतो, हे यापेक्षा स्पष्टपणे दाखवणारा प्रयोग मला ठाऊक नाही.

आता रक्ताकडे पाहा. त्यातील सुमारे ५५ टक्के भाग रक्तद्रवाचा (प्लाझ्माचा) असतो आणि उरलेला बहुतेक सारा लाल पेशींचा. विखुरलेल्या पेशी आणि भोवती आधारक ही मांडणी येथेही आहे. फक्त आधारक द्रवरूप आहे.

तुलनात्मक
वरील विवेचन मान्य आहे, परंतु रक्ताचे वेगळेपण त्यात थोडे झाकले जाते. हाडाचे किंवा कूर्चेचे आधारक त्या त्या ऊतीतील पेशी स्वतः तयार करतात, तर रक्तद्रवातील बहुतेक प्रथिने यकृतात तयार होतात. तसेच रक्तात एरवी तंतू दिसत नाहीत. रक्त गोठू लागते तेव्हाच विरघळलेल्या फायब्रिनोजेनपासून फायब्रिनचे धागे बनतात. तरीही रक्ताला या गटात ठेवण्यास आणखी एक आधार आहे: भ्रूणाच्या मध्यस्तरातून (सुरुवातीच्या तीन पेशीथरांपैकी मधल्या थरातून) निघणाऱ्या ज्या पेशींपासून हाड व कूर्चा घडतात, त्यांच्याशी रक्तपेशींच्या उगमाचेही नाते आहे. अर्थात बहुतेक स्नायूही मध्यस्तरातूनच येतात, त्यामुळे केवळ उगमावरून गट पाडता येणार नाहीत.

ही विभागणी एकाच निकषावर झालेली नाही, असे माझे मत आहे. पहिले दोन गट पेशींच्या मांडणीवरून ओळखले जातात. स्नायू आणि चेता हे गट मात्र पेशीच्या विशेष क्षमतेवरून, म्हणजे आकुंचन पावणे आणि विद्युत संदेश वाहणे यांवरून ठरतात. फ्रेंच शरीररचनाशास्त्रज्ञ बिशा (१७७१–१८०२) यांनी सूक्ष्मदर्शकाचा आधार न घेता ऊतींचे २१ प्रकार मानले होते, हे लक्षात घेतले तर चार या संख्येला अंतिम सत्य मानण्याचे कारण उरत नाही.

अभ्यासू
दोघांचेही मनःपूर्वक आभार. आधारकाचे महत्त्व आता लक्षात आले. मग दुखापत भरून येण्याच्या वेगातील फरकही यातूनच समजतो का? हाड जुळते, पण कूर्चा सहसा पूर्ववत होत नाही, असे वाचले होते.

सूक्ष्मदर्शी
बऱ्याच अंशी समजतो. हाडात रक्तवाहिन्यांचे जाळे असते आणि हाड आयुष्यभर झिजत व पुन्हा घडत असते, म्हणून मोडलेला भाग खऱ्या हाडानेच सांधला जातो. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, पेशी थोड्या असतात आणि त्या आधारकात अडकून पडलेल्या असतात, त्यामुळे इजेच्या जागी त्या पोहोचू शकत नाहीत. अभिस्तरातही रक्तवाहिन्या नसतात, तरी तो लवकर भरतो, कारण त्याच्या पेशी सतत विभागत असतात. लहान आतड्याचे अस्तर साधारण ३ ते ५ दिवसांत नवे होते.

उरलेल्या दोन गटांत मात्र पेशीची विभागणी हाच कळीचा मुद्दा आहे. हृदयाच्या स्नायुपेशी प्रौढपणी अत्यंत कमी विभागतात, म्हणून हृदयविकाराच्या झटक्यात मृत झालेल्या भागाची जागा तंतुमय संयोजी ऊती घेते. हा व्रण भिंत टिकवून धरतो, पण आकुंचन पावत नाही. परिपक्व चेतापेशीही सहसा विभागत नाहीत. तरी हातापायांतील चेता तुटली आणि पेशीचा मुख्य भाग शाबूत राहिला, तर तिचा अक्षतंतू (संदेश वाहून नेणारा लांब धागा) दिवसाला साधारण १ मिलिमीटर वेगाने पुन्हा वाढू शकतो, आणि त्यासाठी भोवतालच्या आधार देणाऱ्या पेशी व संयोजी ऊतीचे आवरण त्याला वाट दाखवतात. मेंदू व मज्जारज्जूत अशी वाढ फारच मर्यादित असते.