अपस्केलिंगच्या अटी आधी बघा

जत्रेतल्या नाटकांचे जुने, धूसर व्हिडिओ बघताना 'अपस्केलिंग (कमी दर्जाचं चित्र मोठं आणि स्पष्ट करणं) चालू केलं तरी काडीचा फरक दिसत नाही' अशी एकांची तक्रार आहे. फरक पडतो, पण अटी पाळाव्या लागतात. एज या ब्राउझरमध्ये मायक्रोसॉफ्टने आणलेली सोय ७२०पीपेक्षा (चित्रातल्या आडव्या ओळींची संख्या) कमी दर्जाच्या व्हिडिओवरच चालायची, डीआरएम म्हणजे कॉपी रोखणारं कुलूप असलेल्यावर नाही, आणि लॅपटॉप चार्जरवर असावा लागायचा; २०२५मध्ये ती सोय काढून टाकली. आमच्या फोंड्याकडे पावसात वीज गेली की लॅपटॉप बॅटरीवर यायचा आणि चित्र पुन्हा धूसर व्हायचं. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ग्राफिक्स कार्डावरची सोय वेगळी, ती ३६०पी ते १४४०पी घेते.

आणखी एक गोष्ट फारशी कुणी लिहीत नाही. जत्रेतल्या नाटकांची जुनी व्हीएचएस कॅसेटवरची रेकॉर्डिंग बरीचशी इंटरलेस्ड असतात, म्हणजे चित्राच्या एकाआड एक ओळी वेगवेगळ्या क्षणी टिपलेल्या असतात. नटाने हात झटकला की हाताच्या कडेला फणीसारख्या आडव्या रेघा उमटतात. अपस्केलर त्या पुसत नाही, उलट ठळक करतो, कारण त्याच्या दृष्टीने तीही एक कडाच. तेव्हा हे व्हिडिओ चढवणाऱ्यांना कळकळीची विनंती: आधी डीइंटरलेस करा, म्हणजे त्या रेघा काढून टाका; हॅन्डब्रेक या सॉफ्टवेअरमध्ये फुकट होतं. अशा कितीतरी प्रयोगांची दुसरी प्रत कुठेच नाही.