कमानीखालची खोली

'कॅमेरा' आणि 'चेंबर' या शब्दांतील साम्य योगायोगाचे असावे, असे वाटू शकते. परंतु ते दोघे एकाच घरातले आहेत. मूळ ग्रीक 'कामारा' म्हणजे कमानदार छत. तो शब्द लॅटिनमध्ये 'कामेरा' झाला आणि पुढे त्याचा अर्थ छतावरून त्या छताखालच्या खोलीवर सरकला. इटालियनमध्ये आजही 'कामेरा' म्हणजे खोलीच, आणि फ्रेंच 'शांब्र'मधून इंग्रजी 'चेंबर' आला. यंत्राचे नाव मात्र 'कामेरा ऑब्स्क्युरा', म्हणजे अंधारी खोली, या लॅटिन संज्ञेतून आले: पूर्ण बंद खोलीच्या भिंतीला बारीक छिद्र पाडले, की समोरच्या भिंतीवर बाहेरचे झाड उलटे उमटते. खगोलशास्त्रज्ञ केप्लरने ही संज्ञा १६०४ मध्ये वापरली, आणि पुढे खोलीची पेटी झाली तरी नाव टिकले. मला सर्वांत भावतो तो 'कॉम्रेड': त्याच्या मुळाशी असलेला स्पॅनिश 'कामारादा' म्हणजे एका खोलीत राहणारा सोबती, राजकारणाशी त्याचा संबंध फार नंतरचा. आपल्याकडचा 'कमरा'ही पोर्तुगीज 'कामारा'वरूनच आल्याचे मानले जाते, आणि गोव्यात पोर्तुगीज अमलात नगरपालिकेलाही 'कामारा'च म्हणत.