मूळ कोरियन आजोबा जास्त खरे

वर कुणीतरी म्हटलंय की 'बेटर लेट दॅन नेव्हर' या अमेरिकन प्रवास-कार्यक्रमात म्हाताऱ्यांचं उगाच हसं केलंय. नट शॅटनर (जन्म १९३१ चा!) आणि विंकलर, बॉक्सर फोरमन आणि अमेरिकन फुटबॉलवाला ब्रॅडशॉ जपान-कोरियात फिरतात तेव्हा बरंच काही ठरवून घडवल्यासारखं वाटतं, हे मान्य. पण तो मुळात २०१३ च्या 'ग्रँडपाज ओव्हर फ्लॉवर्स' या कोरियन कार्यक्रमावर बेतलाय. तो बघा, मग बोलू.

त्यात चार म्हातारे नट पॅरिसला जातात. सामान उचलायला, वाट शोधायला ली सो-जिन हा तरुण नट. त्याला सांगितलेलं की तरुण गायिकांसोबत जायचंय. विमानतळावर बघतो तर आजोबा! त्याचं तोंड बघण्यासारखं. ली सुन-जे सगळ्यांत थोरले, पण कुणासाठी न थांबता तरातरा पुढं. बेक इल-सोप यांचे गुडघे दुखतात, त्यात बायकोनं प्रेमानं भरून दिलेला सोया सॉसमधल्या मांसाचा जड डबा. शेवटी वैतागून ते तो डबाच फेकून देतात.

इथं मी आणि वडील, दोघंही खो खो हसलो. सांगलीहून युरोप टूरला निघालेल्या कुठल्याही काकांची बॅग उघडा, कपड्यांपेक्षा भडंग जास्त निघेल. फक्त आपल्याकडं फेकायची कुणाची टाप नाही.

मराठीत करायचं तर अशोक सराफ, दिलीप प्रभावळकर, मोहन आगाशे. आणि हमाल म्हणून सिद्धार्थ जाधव. फक्त मागं ते 'ढॅण्ण' संगीत नको बुवा.