परदेशातून येणारं इलेक्ट्रॉनिक्स : हिशेब, व्होल्टेज, बँड (अनुभव धागा)

धागाकर्ता
दुबईचा मेहुणा, न्यू जर्सीची पुतणी, सिंगापूरला चाललेले शेजारी. "काय आणू?" असा निरोप आला की आपण तिकडची किंमत बघतो आणि सरळ रुपयांनी गुणतो. चूक तिथेच होते. आपल्या एमआरपीत जीएसटी आत असतो, अमेरिकेतल्या पाटीवर सेल्स टॅक्स धरलेला नसतो. (ऑरेगन, डेलावेअर, मोंटाना आणि न्यू हॅम्पशर या राज्यांत तो नाही.) शिवाय भारतीय कार्डावर परकीय चलनाचं मार्कअप, साधारण 2 ते 3.5 टक्के, आणि त्या मार्कअपवर 18 टक्के जीएसटी.

ज्यांना या भानगडीतलं कळतं त्यांनी आकड्यांसकट लिहा. "आम्हाला कुणी अडवलंच नाही" हे नको, त्याला नशीब म्हणतात.

ग्रीन_चॅनल
सामानातून आणण्याचं गणित आधी. 2016 च्या बॅगेज नियमांत भारतीय रहिवाशाला 50 हजारांपर्यंतचा माल करमुक्त आणि त्यावरच्या रकमेला 38.5 टक्के (35 टक्के ड्यूटी, तिच्यावर 10 टक्के अधिभार) असं होतं. म्हणजे 1,30,000 च्या फोनला 80,000 वर 30,800 रुपये. मर्यादा आणि दर मध्येमध्ये बदलतात, तेव्हा तिकीट काढल्यावर कस्टम्सच्या साइटवरचा चालू आकडा बघा आणि याच पद्धतीने मांडा.

लोक हमखास चुकतात ते इथे : नवराबायकोची मर्यादा एकत्र करता येत नाही. दोघं मिळून एकच महाग वस्तू आणली, तरी मर्यादा एकाचीच धरली जाते. 18 वर्षांवरील प्रवाशाला एक लॅपटॉप या हिशेबाबाहेर करमुक्त आणता येतो. आयपॅडला ही सवलत नाही.

छापील बिल जवळ ठेवा. बिल नसेल तर अधिकारी ऑनलाइन किंमत काढतात, आणि ती तुमच्या सेलमधल्या किमतीपेक्षा जास्तच निघते. ड्यूटी लागणार हे माहीत असेल तर स्वतःहून रेड चॅनलला (ड्यूटी भरणाऱ्यांची रांग) जा. ग्रीनमधून (ड्यूटी लागण्यासारखं काही नाही असं सांगणाऱ्यांची रांग) जाताना पकडलं गेलं तर ड्यूटीवर दंडही येतो.

टॅक्स_रिफंडवाली
ग्रीनदादा, तिकडे परत मिळणाऱ्या कराचंही सांगायला हवं होतं.

दुबईत व्हॅट 5 टक्के. एका बिलाची खरेदी किमान 250 दिरहम हवी, दुकानात पासपोर्ट दाखवून बिलाला टॅक्स-फ्री टॅग लावून घ्यायचा, आणि विमानतळावर बॅग चेक-इनला देण्याआधी त्याची पडताळणी करून घ्यायची. हातात पडतो तो व्हॅटच्या साधारण 85 टक्के, त्यातूनही टॅगमागे 4.80 दिरहम जातात. म्हणजे 5 टक्क्यांचे चारच्या आसपास उरतात. आणि ही सोय पर्यटकांना आहे, तिथल्या रहिवाशाला नाही. तेव्हा मेहुण्याला सांगून उपयोग नाही, स्वतः गेलात तरच!

सिंगापूरला जीएसटी 9 टक्के, किमान खरेदी 100 डॉलर (तिथले). तिथेही वर्क पासवर राहणाऱ्याला परतावा नाही. जपानला उपभोग कर 10 टक्के. आत्तापर्यंत दुकानातच वजा व्हायचा, 1 नोव्हेंबर 2026 पासून आधी भरायचा आणि निघताना परत घ्यायचा.

बँड_बाजा
फोनबद्दल. किंमत विचारायच्या आधी मॉडेल नंबर विचारा. आयफोनमध्ये सेटिंग्ज, जनरल, अबाउट, तिथल्या मॉडेल नंबरात तिरप्या रेघेच्या आधीची अक्षरं : एलएल अमेरिका, एचएन भारत, जे जपान, झेडए हाँगकाँग.

1. अमेरिकेतल्या आयफोनला 14 पासून (2022) सिमचा ट्रे नाही, फक्त ई-सिम. 17 च्या पिढीत आखातातले बरेच देश, कॅनडा, मेक्सिको आणि जपानही त्या यादीत गेले. म्हणजे "दुबईचा आहे, सिम चालतं" हे आता जुनं झालं. आईवडिलांसाठी घेणार असाल तर विचार करा, कारण फोन बंद पडला की सिम काढून दुसऱ्यात घालता येत नाही.
2. जपानी फोनमध्ये फोटो काढतानाचा खटक्याचा आवाज सहसा बंद करता येत नाही. लग्नात, कीर्तनात लक्षात येईल.
3. लॉक. तिथल्या कंपनीच्या हप्त्यावरचा फोन इथलं सिम घेत नाही. त्याच अबाउटमध्ये "नो सिम रिस्ट्रिक्शन्स" असं दिसलंच पाहिजे.
4. अँड्रॉइड असेल तर बँड (नेटवर्कच्या लहरींचे ठरलेले पट्टे) जुळवा. जिओचं फोरजी 3, 5 आणि 40 वर, फाइव्हजी मुख्यतः एन28 आणि एन78 वर. जिओकडे टूजी-थ्रीजी नाहीच, म्हणून फोनमध्ये व्होल्टी (फोरजीवरून कॉल करायची सोय) चालू होत नसेल तर इंटरनेट येतं आणि कॉल लागत नाही. फोन बिघडला असं समजून लोक दुकानात जातात.

सोल्डर_आणि_शिसं
व्होल्टेजवर सविस्तर लिहितो, कारण वस्तू जळतात त्या इथेच.

अमेरिका 120 व्होल्ट 60 हर्ट्झ. जपान 100 व्होल्ट, पूर्वेला 50 आणि पश्चिमेला 60 हर्ट्झ. आपण 230 व्होल्ट 50 हर्ट्झ. चार्जरवर "इनपुट 100-240, 50/60" लिहिलं असेल तर चिंता नाही, फक्त पिन बदलायची. त्यातही ट्रॅव्हल अडॅप्टरपेक्षा केबल बदलणं बरं. लॅपटॉपला तीन भोकांची मिकी माऊस केबल, कन्सोल किंवा स्पीकरला आठच्या आकड्याची, मॉनिटरला कॉम्प्युटरची जाड केबल, या सगळ्या आयएसआय मार्कच्या कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतात. अडॅप्टर सैल बसतो, ठिणग्या पडतात आणि अर्थिंग बहुधा तुटतं. मग लॅपटॉपच्या धातूला हात लागला की मुंग्या येतात.

फक्त "120 व्होल्ट" लिहिलेलं असेल तर थांबा. तापणाऱ्या वस्तूची वॉटेज व्होल्टेजच्या वर्गाने वाढते : 230 भागिले 120 चा वर्ग म्हणजे 3.67. हजार वॉटची कॉफी मशिन 3,600 च्या वर ओढायला बघते, आणि क्षणात कॉइल किंवा फ्यूज जातो. जपानी राइस कुकरला हाच आकडा 5.3.

ट्रान्सफॉर्मर लावता येतो, पण हिशेब करा. तापणाऱ्या वस्तूसाठी वॉटेजच्या सव्वापट, मोटरसाठी दुप्पट ते तिप्पट, कारण सुरू होताना मोटर जास्त करंट खेचते. 1,400 वॉटच्या ब्लेंडरला 3,000 व्हीएचा (व्हीए म्हणजे ट्रान्सफॉर्मरची क्षमता) ट्रान्सफॉर्मर हवा. ते धूड ओट्यावर कायमचं बसतं. एअरपोर्टवर मिळणारा मुठीएवढा "कन्व्हर्टर 1,600 वॉट" घेऊ नका. तो लहर कापून व्होल्टेज कमी करतो. इस्त्री-हेअर ड्रायरला चालेल, सर्किट बोर्ड असलेल्या कशालाही नाही.

आणि हर्ट्झ ट्रान्सफॉर्मरने बदलत नाही. 60 च्या लाइनवर वेळ मोजणारं घड्याळ इथे तासाला 10 मिनिटं मागे पडतं. इंडक्शन मोटर सहावा हिस्सा हळू फिरते आणि तापते. जुन्या पद्धतीचा मायक्रोवेव्ह तर आणूच नका, त्याचा आतला ट्रान्सफॉर्मर 50 हर्ट्झला भाजून निघतो. मिक्सर-ब्लेंडरच्या कार्बन ब्रशवाल्या मोटरला मात्र हर्ट्झचं फारसं काही नाही. रोबो व्हॅक्यूम घेताना डॉकचं (रोबो जिथे जाऊन उभा राहतो तो तळ) लेबल वेगळं वाचा : रोबोचं चार्जिंग चालतं, पण कचरा ओढणारा मोठा डॉक अनेकदा 120 चाच असतो.

पुणेरी_शंका
65 इंची टीव्ही बँकॉकहून सामानात आणला तर?

ग्रीन_चॅनल
काका, नका. फ्लॅट टीव्ही 26 ऑगस्ट 2013 पासून करमुक्त मर्यादेतून बाहेर काढला, तेव्हापासून पूर्ण किमतीवर ड्यूटी. त्यात 22 सप्टेंबर 2025 ला इथला मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला, तेव्हा इथलाच बघा. पॅनल विमानाच्या पोटातून येताना फुटला तर वेगळंच.

पार्सल_अडलंय
कुरिअर आणि पोस्टाने मागवणाऱ्यांसाठी. इथे कराची आकारणी मालाची किंमत, वाहतूक आणि विमा यांच्या बेरजेवर होते, आणि करावर कर चढतो. काही वर्षं चाललेला दर उदाहरणाला घेतो : 10,000 वर 35 टक्के म्हणजे 3,500, त्यावर अधिभार 350, झाले 13,850. त्यावर 28 टक्के आयजीएसटी (आयातीवर लागणारा जीएसटी) 3,878. एकूण कर 7,728. दर आता बदललेत, पण याच क्रमाने मांडा. वर कुरिअरवाल्याचं हाताळणी शुल्क आणि त्यावर जीएसटी, म्हणून स्वस्त वस्तूला ते शुल्कच जड जातं.

"गिफ्ट लिहायला सांगतो" ही युक्ती डिसेंबर 2019 पासून मेली. राखी आणि जीवरक्षक औषधं सोडून करमाफ भेटवस्तू बंद आहेत. विक्रेत्याने 10 डॉलरचं खोटं बिल लावलं तर किंमत पुन्हा ठरवतात, आणि दंड तुम्हाला, चीनमधल्या विक्रेत्याला नाही.

वापरलेला किंवा रिफर्बिश्ड लॅपटॉप पोस्टाने मागवू नका, जुन्या मालाला परवाना लागतो. ब्लूटूथ-वायफायच्या वस्तूंना वायरलेसची मंजुरी मागितली जाऊ शकते, तिथेच पार्सलं आठवडेच्या आठवडे पडतात.

आरपार_घाट
ट्रेकर मंडळींना दोन इशारे. परदेशी ड्रोनच्या आयातीवर 9 फेब्रुवारी 2022 पासून बंदी आहे, ड्यूटी भरूनही सुटत नाही. आणि उपग्रहावरून संदेश पाठवणारी छोटी यंत्रं (गार्मिनचं इनरीच) परवानगीशिवाय आणू नका. डिसेंबर 2024 मध्ये गोव्याच्या दाबोळी विमानतळावर एक परदेशी महिला प्रवासी त्यावरून अडकली होती.

जपानी_मेनू
कॅमेरा. जपानच्या स्थानिक बाजारातल्या सोनी बॉडीत (लेन्सशिवायचा कॅमेरा) मेनू बहुधा फक्त जपानी असतो, नंतर इंग्रजी होत नाही. टॅक्स-फ्री दुकानात "ओव्हरसीज मॉडेल" मागा, किंमत चढी असते. लेन्सला भाषा नाही, व्होल्टेज नाही, बँड नाही. किमतीतला फरक सुटसुटीत पाहायचा तर लेन्समध्येच.

सोल्डर_आणि_शिसं
लेन्सला अनुमोदन. पॉवर बँक केबिनमध्येच ठेवा : एमएएच गुणिले 3.7 भागिले 1000 म्हणजे वॉट-अवर. 20,000 चा 74 भरतो, चालतो. 100 च्या वर विमान कंपनीची परवानगी, 160 च्या वर नाहीच. अंगावर आकडा पुसला असेल तर तपासणीत काढून घेतात.

ग्रीन_चॅनल
राहिलंच. इथला महागडा कॅमेरा घेऊन जाणार असाल तर निघताना विमानतळावर कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या, सीरियल नंबरसकट. काउंटर चेक-इनच्या अलीकडे असतो की पलीकडे ते विमानतळागणिक बदलतं, म्हणून बॅग बेल्टवर टाकायच्या आधी विचारा. वस्तू दाखवावी लागते.