मदत हवी आहे: बारीक थराखाली तेल थांबायला हवं, माझ्या मॉडेलमध्ये थांबत नाही (कॅपिलरी प्रेशर)

नमस्कार मंडळी,

मी बडोद्यात भूशास्त्रात एमएस्सी करते आहे. इथून जवळच अंकलेश्वरला १९६० साली तेल लागलं. तिथे हझादच्या वाळूखडकातलं तेल वरच्या कणवा शेलने (अगदी बारीक कणांच्या चिखलखडकाने) अडवून धरलंय. जाड रेतीतून वर चढणारं तेल बारीक थरापाशी का अडतं, हे एकमितीय मॉडेलमध्ये दाखवायचं, एवढाच माझा प्रोजेक्ट. पायथनमध्ये कोड स्वतः लिहिलाय, पण आठ दिवस एकाच जागी अडकले आहे.

१० मीटरचा उभा स्तंभ, २० सेंटिमीटरचे ५० सेल. खालचे ७ मीटर जाड रेती, पर्मिएबिलिटी (द्रव आरपार जाऊ देण्याची क्षमता) ५०० मिलिडार्सी. वरचे ३ मीटर बारीक, २० मिलिडार्सी. सच्छिद्रता सारखीच. सुरुवातीला सगळीकडे पाणी, तळातून अगदी सावकाश तेल सोडते.

जाड रेतीच्या नमुन्याची पाऱ्याची चाचणी मिळाली, त्यात पारा ०.२८ बारला शिरतो (हे एंट्री प्रेशर, म्हणजे आत शिरायला लागणारा किमान दाब). पाऱ्यासाठी पृष्ठताण ४८० मिलिन्यूटन प्रति मीटर आणि स्पर्शकोन १४०°, तेल-पाण्यासाठी ३० आणि ३०° धरले. म्हणजे १४ने भागायचं: ०.०२ बार. बारीक थराचा नमुना नाही, म्हणून लेव्हरेटचं १९४१ चं जे-फंक्शन (एका खडकाचा कॅपिलरी दाब दुसऱ्या खडकाला लावून घेण्याचं सूत्र) वापरलं. पर्मिएबिलिटी २५ पट कमी, तर एंट्री प्रेशर त्याच्या वर्गमुळाइतकं, ५ पट: ०.१ बार. तेल-पाण्याच्या घनतेतला फरक २०० किलो प्रति घनमीटर. दोन थरांमधला फरक ८००० पास्कल, त्याला २०० गुणिले ९.८१ने भागलं की सुमारे ४ मीटर येतात. तेवढा तेलाचा खांब साचेपर्यंत वर थेंबही जायला नको.

माझ्याकडे मात्र तेल सीमेला टेकतं आणि पुढच्याच टाइमस्टेपला वर शिरतं. ग्रिड बारीक केली, टाइमस्टेप दहापट लहान केली, काही फरक नाही.

माझीच समजूत चुकतेय का, म्हणून घरी काचेच्या बरणीत करून पाहिलं. खाली ओरसंग नदीची जाड रेती, वर तीच चाळून घेतलेली बारीक, दोन्ही पाण्यात बुडवलेल्या. सलाईनच्या नळीने तळाशी हळदीने रंगवलेलं शेंगदाणा तेल सोडलं. पिवळा ठिपका वर चढला, बारीक रेतीखाली थांबला आणि काचेला लागून आडवा पसरत गेला. रात्रभर ठेवलं तरी वर गेला नाही. बरणीला जे कळतं ते माझ्या कोडमध्ये कुठे हरवतंय?

कॅपिलरी प्रेशर (पीसी, म्हणजे तेल आणि पाण्याच्या दाबातला फरक) आणि सॅचुरेशन (छिद्रांमधला पाण्याचा वाटा) यांचा वक्र ब्रूक्स-कोरीचा, लॅम्डा २. कॅपिलरी फ्लक्ससाठी पीसीचा सॅचुरेशननुसार उतार गुणिले सॅचुरेशनचा ग्रेडियंट, आणि सेलच्या सीमेवर दोन्हीकडच्या गुणकांची सरासरी.

प्रतिसाद:
ताई, हिशेब बरोबर आहे, चूक तुमच्या शेवटच्या वाक्यात आहे. सॅचुरेशनचा ग्रेडियंट घेतलात की दोन खडकांच्या सीमेवर सॅचुरेशन सलग आहे असं तुम्ही आपोआप गृहीत धरता. ते तिथे सलग नसतं, उडी मारतं. सलग राहते ती पीसी, आणि तीही तेल दोन्हीकडे असेल तेव्हाच. प्रत्येक सेलची पीसी त्याच्या स्वतःच्या खडकाच्या वक्रावरून काढा आणि सरळ त्या दोन पीसींची वजाबाकी करा. बारीक सेल पाण्याने पूर्ण भरलेला असला तरी त्याची पीसी शून्य नको, ०.१ बारच हवी. ब्रूक्स-कोरी ठेवा. व्हॅन गेनुख्टेनचा वक्र घेतलात तर तो पाण्याच्या पूर्ण संपृक्ततेला (सॅचुरेशनला) शून्यावर येतो, त्यात एंट्री प्रेशर नसतंच.

दुसऱ्या दिवशी:
दादा, मनापासून आभार. तीन ओळी बदलल्या आणि तेल थांबलं! खांब ४ मीटरच्या थोडा वर गेल्यावर तेल बारीक थरात शिरलं. किती वेळ ती आकृतीच बघत बसले होते.

आता दुसरी अडचण. सीमेखालच्या सेलांमध्ये पाणी उरलेल्या किमान संपृक्ततेजवळ आलं की पीसीचा वक्र उभाच चढतो, समीकरणं सोडवणाऱ्या न्यूटन पद्धतीच्या फेऱ्या वाढतात आणि टाइमस्टेप कापत कापत सेकंदांवर येते. वक्राला एका ठिकाणापासून स्पर्शरेषा जोडायचा विचार आहे, पण ती फार आधी जोडली तर खांबाची उंची बदलेल अशी भीती वाटते. प्रभावी संपृक्तता (उरणारं किमान पाणी वगळून मोजलेली) ०.०५ असताना जोडली तर चालेल का? कुणी करून पाहिलं असेल तर कृपया सांगा.