शब्दचर्चा: सोव्हिएत जनरलचे ‘पुनर्वसन’ झाले असे म्हणावे का?

नदीकाठ

सोव्हिएत सेनानी अलेक्सांद्र वासील्येविच गोर्बातोव यांच्यावरच्या एका दीर्घ लेखाचा मी सध्या रशियनमधून अनुवाद करते आहे आणि एका शब्दापाशी तीन आठवडे अडले आहे. गोर्बातोव १९१२ मध्ये झारच्या घोडदळात साधे शिपाई म्हणून भरती झाले आणि क्रांतीनंतर लाल सेनेत वर चढत गेले. ऑक्टोबर १९३८ मध्ये त्यांना अटक झाली. मारहाण होऊनही त्यांनी खोट्या कबुलीजबाबावर सही केली नाही, तरी पुढल्या मे महिन्यात त्यांना १५ वर्षांची कैद आणि त्यानंतर ५ वर्षे नागरी हक्क गमावण्याची शिक्षा झाली, आणि त्यांची रवानगी ईशान्य सायबेरियातल्या कोलिमा भागातील माल्द्याक या सोन्याच्या खाणीवर करण्यात आली. पत्नीने केलेले अर्ज आणि मार्शल बुद्योनी यांनी घातलेला शब्द यांमुळे प्रकरण पुन्हा उघडले गेले, मार्च १९४१ मध्ये ते सुटले आणि सैन्यात परत घेतले गेले. या सगळ्या प्रक्रियेला रशियन लेखक ‘रिआबिलिटात्सिया’ म्हणतो आणि मी तिथे ‘पुनर्वसन’ लिहिले.

कच्चा मसुदा माझ्या सासऱ्यांनी वाचला. त्यांचे गाव कोयनेच्या शिवसागर जलाशयाखाली गेलेले आहे. त्या वाक्यापाशी थांबून त्यांनी विचारले, “यांचे घर कशात गेले होते?” त्यांच्या लेखी पुनर्वसन म्हणजे डोंगरापलीकडे दाखवलेली अनोळखी जमीन आणि सातबाऱ्यावर नाव लागण्याची वाट पाहण्यात गेलेली वर्षे. ज्या शब्दावर आपल्या हजारो कुटुंबांच्या आयुष्याचा भार आहे, तो एका सुटलेल्या कैद्यासाठी वापरताना तेव्हापासून माझा हात अडखळतो. आपण काय वापराल?

टाकसाळ

सासऱ्यांच्या भावनेबद्दल मला पूर्ण आदर आहे, तरीही ‘पुनर्वसन’ बदलू नये असे माझे मत आहे. शब्दाचा अर्थ त्याच्या जन्मावरून ठरत नाही, वापरावरून ठरतो, आणि हा शब्द धरणग्रस्तांपुरता आता उरलेलाच नाही. व्यसनातून बाहेर आलेल्यांचे पुनर्वसन, सुटलेल्या कैद्यांचे पुनर्वसन, निवडणुकीत पडलेल्या नेत्याला विधान परिषदेत घेतले की त्याचे ‘राजकीय पुनर्वसन’, हे सारे आपण रोजच्या वर्तमानपत्रात वाचतो आणि कोणीही कोणत्या गावाची चौकशी करीत नाही.

जुनी सनद

तुमची उदाहरणेच तुमच्या विरोधात जातात. व्यसनमुक्त माणसाचे किंवा कैद्याचे पुनर्वसन म्हणताना चूक त्या माणसाची होती आणि समाजाने त्याला उदारपणे जागा दिली, असा अर्थ निघतो. ‘राजकीय पुनर्वसन’ या शब्दाला तर मेहरबानीचा वास आहे. गोर्बातोव यांच्या बाबतीत चूक राज्याची होती. ज्याने ती केली त्यालाच उपकारकर्ता ठरवणारा शब्द मला अन्यायाचा वाटतो.

माझ्या मते इथे ‘बहाल’ हा शब्द हवा. आज आपण पदव्या आणि पुरस्कार ‘बहाल’ करतो, त्यामुळे या शब्दाचा मूळ अर्थच हरवला आहे. फारसीत ‘ब-हाल’ म्हणजे ‘होत्या त्या स्थितीत’. दप्तरात त्याचा विरुद्धार्थी शब्द ‘बरतर्फ’, म्हणजे ‘बाजूला’, ज्याचे आपण ‘बडतर्फ’ केले. एखाद्याचे वतन जप्त होई आणि चौकशीअंती ते ‘बहाल’ होई. म्हणजे नव्याने देणगी मिळत नसे, त्याचेच त्याला पूर्ववत होई. १९३८ मध्ये बडतर्फ, १९४१ मध्ये बहाल. मराठीने ही जोडी शतकानुशतके तयार ठेवलेली आहे.

सह्यकडा

फारसी दप्तराकडे जाण्याची गरज नव्हती. शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करून घेतला तेव्हा ‘सरनौबत’ काढून ‘सेनापती’ बसवला, आणि साडेतीनशे वर्षांनंतर आज लहान मुलालाही ‘सेनापती’ कळतो, ‘सरनौबत’ मात्र समजावून सांगावा लागतो. तोच मार्ग धरून ‘पुनःप्रतिष्ठा’ म्हणावे. या माणसाची हिरावली गेली होती ती प्रतिष्ठाच.

‘पुनर्वसन’ ठेवायचेच असेल तर मला आणखी एक गोष्ट सुचते. संस्कृतात ‘वसन’ म्हणजे वस्त्र. अटकेनंतर अधिकाऱ्याचा गणवेश आणि त्यावरची पदचिन्हे काढून घेतली जात. तेव्हा ‘पुनर्वसन’ म्हणजे पुन्हा वस्त्र चढवणे, गणवेश परत देणे, असे घेतले तर हा शब्द गोर्बातोव यांना तंतोतंत लागू पडतो.

टाकसाळ

कल्पना सुंदर आहे, पण व्युत्पत्ती म्हणून टिकणारी नाही. ‘वस्’ असे दोन वेगळे धातू आहेत, एक राहण्याचा आणि दुसरा आच्छादनाचा. ‘पुनर्वसन’ पहिल्यातून आला, ‘वस्त्र’ दुसऱ्यातून. आणि राज्यव्यवहारकोशाचा दाखला देताना हेही सांगायला हवे की त्या प्रयत्नानंतरही किल्लेदार, शिलेदार, फौज आणि सरदार हे शब्द जिवंतच राहिले. शुद्धीकरणाने काही शब्द दिले हे खरे, परंतु लोकांनी त्यांतले निवडून घेतले, सगळे घेतले नाहीत.

‘पुनःप्रतिष्ठा’ ऐकल्यावर माझ्या मनात देवळातली मूर्ती उभी राहते. खाणीत पाय सुजलेला, दात पडलेला माणूस त्या शब्दात मला दिसत नाही.

नदीकाठ

सर्वांचे आभार. ‘बहाल’ने मी जवळजवळ निश्चय केला होता, पण लेखातच एक अडचण निघाली. तोच रशियन शब्द मार्शल तुखाचेव्स्की यांनाही लावलेला आहे. त्यांना जून १९३७ मध्ये गोळी घातली गेली आणि त्यांचे ‘रिआबिलिटात्सिया’ झाले जानेवारी १९५७ मध्ये. मेलेल्या माणसाला सेवेत बहाल कसे करणार? तिथे फक्त नाव धुऊन निघाले. गोर्बातोव किंवा त्यांच्याआधी एक वर्ष, मार्च १९४० मध्ये सुटलेले दुसरे सेनानी रकोस्सोव्स्की यांना मात्र नाव, हुद्दा आणि पुढचे आयुष्य, तिन्ही परत मिळाले. रशियन भाषेने या दोन फार वेगळ्या गोष्टी एकाच शब्दात बांधल्या आहेत. मराठीत त्या सोडवाव्यात की बांधलेल्याच ठेवाव्यात?

स्वतः गोर्बातोव यांनी कोणता शब्द वापरला, हेही मला महत्त्वाचे वाटते. त्यांच्या आठवणी १९६४ मध्ये ‘नोव्ही मीर’ मासिकात आल्या. सुटकेनंतर संरक्षण खात्याचे प्रमुख तिमोशेंको यांच्यासमोर उभे राहिल्यावर, आपण लांबलेल्या आणि धोक्याच्या ‘कमांदिरोव्का’वरून परत आलो आहोत, अशी वर्दी त्यांनी दिली. कमांदिरोव्का म्हणजे कार्यालयाने कामासाठी बाहेरगावी पाठवणे. तिमोशेंको यांनी त्यांना विश्रांती घ्यायला सांगितले आणि ३० महिन्यांचा पगार देण्याचे आदेश दिल्याचेही सांगितले. तुरुंगवास हा जणू सेवेचाच भाग होता, असे दोघांनीही मानून घेतले.

रानवाट

मी २४ वर्षे सैन्यात कारकुनी केली, म्हणून हे लिहितो. आमच्या तुकडीतल्या एकाला चौकशीनंतर काढून टाकले होते आणि दोन वर्षांनी निकाल फिरल्यावर परत घेतले. मागच्या पगाराचे कागद मीच तयार केले होते. तेव्हा बराकीत एकच शब्द ऐकू आला, “बहाल हो गया”. त्या दिवशी तो माणूस जेवणाच्या रांगेत आपल्या जुन्या जागी येऊन उभा राहिला आणि कोणी काही बोलले नाही. तिमोशेंको यांनी ३० महिन्यांच्या पगाराचा विषय काढला हे वाचून मला ती रांग आठवली. सैनिकाच्या दृष्टीने निर्दोष ठरल्याचा खरा कागद म्हणजे थकलेला पगार. माझे मत ‘बहाल’ला.

परंतु माझी एक शंका आहे. गोर्बातोव यांच्या कारकिर्दीत ‘फ्रंट’ हा शब्द पानोपानी येत असणार. त्याला ‘आघाडी’ म्हटले आहे का? म्हटले असल्यास वाचकाची दिशाभूल होईल.

नदीकाठ

होय, ‘आघाडी’ म्हटले आहे. जून १९४३ पासून ते तिसऱ्या आर्मीचे प्रमुख होते. ओर्योल शहर घेणाऱ्या सैन्यात त्यांची आर्मी होती, आणि ओर्योल व बेल्गोरोदसाठी ५ ऑगस्ट १९४३ रोजी मॉस्कोत या युद्धातली पहिली विजयाची सलामी झाली, १२० तोफांच्या १२ फैरींची. तेव्हा ही आर्मी ब्र्यान्स्क आघाडीत होती. पुढे ती बेलारूसी आघाडीत गेली, मग दुसऱ्या आणि तिसऱ्या बेलारूसी आघाडीत आणि बर्लिनच्या लढाईसाठी पहिल्या बेलारूसी आघाडीत. असेच लिहिले आहे.

रानवाट

दिशाभूल होते ती इथेच. आपल्याकडे आघाडी ही जागा आहे, जिथे शत्रूशी गाठ पडते ती. ‘जवान आघाडीवर आहे’ म्हणजे तो त्या ठिकाणी आहे. सोव्हिएत ‘फ्रंट’ ही जागा नसून रचना आहे. त्यात अनेक आर्म्या असतात, स्वतःचा सेनापती आणि मुख्यालय असते, आणि आर्मी एका फ्रंटकडून काढून दुसऱ्याकडे देता येते. तिसरी आर्मी पूर्व प्रशियात लढत होती तेव्हा तिच्या फ्रंटच्या नावात बेलारूस होते, म्हणजे नाव आणि जागा यांचा संबंध उरलेला नव्हता. ‘दुसऱ्या आघाडीत गेली’ वाचून आजचा वाचक तर थेट मंत्रिमंडळाचा विचार करील.

सह्यकडा

राजकारणातल्या आघाडीमुळे लष्करातली आघाडी सोडून द्यावी हे मला मान्य नाही. शब्द आधी लष्कराचा आहे. किंबहुना तो घोड्याचा आहे. अगाडी आणि पिछाडी ही तबेल्यातल्या दोन दोरांची नावे, एक घोड्याला पुढून बांधण्याचा, दुसरा मागच्या पायांचा. गोर्बातोव घोडदळातून आलेले, १९४२ मध्ये काही काळ घोडदळाचे निरीक्षकही होते. त्यांना हा शब्द परका वाटला नसता. आणि वेगळा शब्द हवाच असेल तर ‘बिनी’ आहे. बिनी म्हणजे सैन्याची पुढची तुकडी, त्यावरून बिनीवाले हे आडनाव आले. क्रिकेटच्या बिनीच्या फलंदाजापुरती आपण ती का ठेवावी?

जुनी सनद

बिनी ही पुढे धावणारी छोटी तुकडी आहे. पाच-सात आर्म्यांच्या समूहाला तो शब्द लावणे म्हणजे हत्तीला घोड्याचे खोगीर घालणे. ‘सेनासमूह’ म्हणावे, किंवा सरळ ‘फ्रंट’ ठेवावा. आणि मी ‘फ्रंट’ ठेवा म्हणतो यावरून मला शुद्धीचे वावडे आहे असे समजू नये. मराठीला जे नाव द्यायचे कारणच कधी पडले नाही, ते परके राहू देण्यात कमीपणा नाही.

टाकसाळ

मग त्याच न्यायाने ‘कमांडंट’चे काय करणार? बर्लिनचे पहिले सोव्हिएत कमांडंट बेर्झारिन जून १९४५ मध्ये मोटारसायकलच्या अपघातात गेले आणि त्या जागी गोर्बातोव आले, त्या वर्षाच्या नोव्हेंबरपर्यंत होते. मी असतो तर ‘बर्लिनचे किल्लेदार’ लिहिले असते. जिंकलेल्या ठिकाणी बंदोबस्त, शिबंदी, धान्य आणि रयत हे सारे पाहणारा लष्करी माणूस म्हणजे किल्लेदारच.

जुनी सनद

किल्लेदाराला तट लागतो आणि तो राखायचा असतो. उद्ध्वस्त शहरात रस्ते उघडणारा आणि शिधापत्रिका चालवणारा अधिकारी आपल्या इतिहासात जवळात जवळ शोधायचा तर तो कोतवाल, पण त्याला लष्कराची सत्ता नव्हती. ‘लष्करी प्रशासक’ निर्जीव असला तरी बिनचूक आहे.

सह्यकडा

‘लष्कर’ही फारसीच, याची नोंद असावी. पुण्यात तर लष्कर म्हणजे एक पेठेबाहेरचा भाग. ‘सेना’ म्हणावे. १९४६ पर्यंत ‘लाल सेना’ आणि नंतर ‘सोव्हिएत सेना’ असे त्यांचे नावच बदलले, तेही ‘सेना’ शब्दातच नीट दाखवता येते.

नदीकाठ

‘फ्रंट’ तसाच ठेवते. रानवाट यांचे म्हणणे पटले. किल्लेदाराचा मोह होतो आहे, पण तट नसल्याचा आक्षेप खरा आहे. आता शेवटच्या परिच्छेदातला एक प्रश्न विचारते. ऑगस्ट १९५५ मध्ये त्यांना ‘गिनिराल आर्मी’ हा हुद्दा मिळाला, म्हणजे मार्शलच्या खालचा आणि कर्नल जनरलच्या वरचा. माझ्या मसुद्यात ‘सरसेनापती’ आहे.

रानवाट

‘सरसेनापती’ हे पद आहे, एका वेळी एकच माणूस. हा हुद्दा आहे, एका वेळी अनेकांना. आपल्याकडेही कमांडर-इन-चीफ, ज्याला जुनी माणसे ‘जंगी लाट’ म्हणत, ते पद १ एप्रिल १९५५ पासून गेले आणि राजेंद्रसिंहजी लष्करप्रमुख झाले. हुद्दा जनरलचाच राहिला. त्याच वर्षीचे उदाहरण असल्याने तळटिपेत उपयोगी पडेल. गोर्बातोव यांच्यासाठी ‘आर्मी जनरल’ ठेवावे.

१९५० ते १९५४ ते हवाई छत्रीदलाचे प्रमुख होते; तिथे ‘छत्रीदल’ निःशंक वापरावे, तो शब्द मराठीने स्वतः कमावला आहे. त्यानंतर १९५८ पर्यंत ते ज्याचे प्रमुख होते त्या बाल्टिक ‘ओक्रुग’ला, म्हणजे एका लष्करी मुख्यालयाखालच्या प्रदेशाला, मात्र ‘लष्करी जिल्हा’ म्हणू नये. जिल्हा म्हटले की सातारा किंवा सांगली डोळ्यांसमोर येते, आणि रीगातल्या त्या मुख्यालयाखाली एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुआनिया ही तीन प्रजासत्ताके आणि शिवाय कालिनिनग्राद एवढा मुलूख होता.

सह्यकडा

‘मुलूख’च का नाही? ‘बाल्टिक लष्करी मुलूख’.

जुनी सनद

मुलूख मुलकी असतो. ‘मुलकी’ हा शब्द त्यातूनच आला आणि लष्कराच्या विरुद्ध अर्थाने रूढ झाला. लष्करी मुलूख म्हणणे त्या दोन शब्दांना एकमेकांवर उठवणे होईल. ‘विभाग’ पाहावा.