अनुभव धागा: इंग्रजीतला भविष्यकाळ तुम्हांला कुठे अडला?

मराठी माध्यमात शिकलेल्या प्रौढांना मी संध्याकाळच्या वर्गात प्राथमिक इंग्रजी शिकवते. 'मी उद्या नाशिकला जाईन', 'जाणार आहे' आणि 'जातोय' या तिन्ही वाक्यांचे भाषांतर वर्गातले बहुतेक जण 'आय विल गो' असे एकच करतात. मराठी बोलताना मात्र याच मंडळींची या तीन रूपांत कधीही गल्लत होत नाही. आयत्या वेळी ठरले, वचन दिले किंवा नुसता अंदाज बांधला की आपण 'जाईन', 'येईल' म्हणतो आणि तिथे इंग्रजीत 'विल' बसते. बेत आधीच मनात असला की 'जाणार आहे', म्हणजे 'गोइंग टू'. आणि तिकीट काढून झाले असेल तर 'जातोय', म्हणजे 'आय ॲम गोइंग टू नाशिक टुमॉरो'. 'गाडी सात वाजता सुटते' हा वेळापत्रकाचा साधा वर्तमानकाळ तर दोन्ही भाषांत सारखाच आहे. ही जुळणी सर्वत्र तंतोतंत लागू पडत नाही, पण पहिले पाऊल टाकण्याइतकी ती भक्कम आहे, असे माझे ठाम मत आहे. आपापले अनुभव कृपया सविस्तर लिहावेत.

वायरिंगची कामे करणारा, पुणे

एका अमराठी ग्राहकाने फोनवर 'कधी येता' असे विचारले, तेव्हा मनात 'आलोच' होते म्हणून मी 'आय केम, सर' असे सांगितले. ते दार उघडून जिन्यापर्यंत पाहून आले आणि त्यांनी रागाने पुन्हा फोन केला, तेव्हा मी अजून सिग्नलपाशीच होतो. आपल्या बोलण्यात लगेच घडणाऱ्या गोष्टीसाठी भूतकाळाचे रूप चालते, इंग्रजीत मात्र तिथे 'आय ॲम कमिंग' म्हणावे लागते, हे मला त्या दिवशी कळले.

निवृत्त लिपिक, ठाणे

1970 च्या दशकात आमच्या शाळेत इंग्रजी पाचवीत सुरू होत असे, आणि 'आय', 'वुई' यांच्यापुढे 'शॅल', बाकी सर्वांपुढे 'विल', हा नियम आम्ही घोकून पाठ केला होता. नंतर वाचनात आले की जॉन वॉलिस यांनी 1653 साली लॅटिनमध्ये लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात हा नियम आहे. आजच्या बोलण्यात 'शॅल' प्रामुख्याने 'शॅल वुई गो?' अशा विचारणेपुरते उरले आहे. एवढ्या जुन्या नियमावर आमची कित्येक वर्षे गेली आणि 'गोइंग टू' कोणी नीट समजावलेच नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

परिचारिका, सध्या इंग्लंडमध्ये

रुग्णाने पाणी मागितले की मी 'आय ॲम गोइंग टू ब्रिंग वॉटर' असे म्हणत असे. सोबतच्या परिचारिकेने एकदा बाजूला घेऊन मायेने सांगितले की यातून 'मी आणणारच होते' असा अर्थ निघतो. मागणी ऐकून त्याच क्षणी उठताना 'आय विल गेट इट' म्हणावे. मला चटकन 'थांबा, मी आणते' हे आपले वाक्य आठवले. मराठीत इथे वर्तमानकाळ आणि इंग्रजीत 'विल', त्यामुळे वर दिलेली जुळणी इथे लागू होत नाही, हे शिकवताना आवर्जून सांगावे.

पालक, सातारा

आमच्या मुलीने वहीत 'व्हेन माय फादर विल कम, आय विल टेल हिम' असे लिहिले होते आणि बाईंनी पहिल्या 'विल'वर लाल रेघ मारली होती. 'बाबा येतील तेव्हा मी सांगेन' या वाक्यात दोन्हीकडे भविष्यकाळ असताना इंग्रजीत एकीकडेच का, असे तिने विचारले, आणि मला उत्तर देता येईना. स्वयंपाक करता करता माझ्याच तोंडून 'बाबा आले की सांग हं' असे निघाले आणि मी थबकले. 'आले की' यात भविष्यकाळ कुठे आहे? मग आम्ही दोघींनी 'पाऊस थांबला की निघू', 'पगार झाला की घेऊ' अशी दहा-बारा वाक्ये जमवली. 'की'च्या आधी भविष्यकाळ नाही, तसाच 'व्हेन' आणि 'इफ'च्या वाक्यातही नाही, हे तिने स्वतःच ओळखले. तिने ते वाक्य खोडून 'व्हेन माय फादर कम्स' असे लिहिले आणि खाली कंसात 'बाबा आले की' अशी नोंद केली.